किती आठवड्यांचा गर्भ? गर्भपाताविषयी लोकमत, कायदा आणि बौद्ध परंपरा

पाळी दहा-पंधरा दिवस चुकली की बाई मेडिकलमध्ये जाऊन 'पाळी यायची गोळी' मागते. गर्भपाताची गोळी असे ती म्हणत नाही आणि दुकानदारही म्हणत नाही. अडीच महिन्यांनी दवाखान्यात जावे लागले तर घरी आल्यावर ती शेजारणीला 'पिशवी साफ करून आले' एवढेच सांगते. हेच चौथ्या-पाचव्या महिन्यात घडले की शब्द बदलतात. मग लोक 'मूल पाडलं' म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली येतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालेले असते. तेव्हा पोटात 'बाळ' असते आणि त्याच्यासाठी नावेही सुचवून झालेली असतात.

यातल्या कुणीही कायदा वाचलेला नसतो. तरीही गर्भ जसजसा वाढतो तसतशी लोकांची नजर बदलते आणि ती आपल्या रोजच्या बोलण्यात उतरलेली असते. जगभर झालेल्या जनमत चाचण्यांतही हेच दिसते. 'गर्भपाताच्या बाजूने की विरोधात?' असा एकच प्रश्न विचारला तर मिळणारे उत्तर अर्धवट असते. 'किती आठवड्यांचा गर्भ, आणि कशासाठी?' असे विचारले की तीच माणसे वेगवेगळी उत्तरे देतात.

वस्तीत काम करणाऱ्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांकडे हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि बहुतेक वेळा तो उशिरा येतो. म्हणून लोकमत, कायदा आणि आपली परंपरा या तिन्ही बाजूंची माहिती एका ठिकाणी द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

आधी आठवडे कसे मोजतात

हे माहीत नसल्यामुळे बराच गोंधळ होतो. गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. त्यामुळे पाळी चुकते त्या दिवशीच डॉक्टरांच्या हिशेबाने बाई चार आठवड्यांची गरोदर असते. अमेरिकेतील काही राज्यांनी सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घातली. कागदावर ते दीड महिने दिसतात, पण प्रत्यक्षात पाळी चुकल्यानंतर जेमतेम दोन आठवडे हाती राहतात. ज्यांची पाळी अनियमित असते किंवा अंगावर दूध पाजत असल्याने आलेलीच नसते, त्यांच्या हाती तेवढेही राहत नाहीत.

साधारण तेरा आठवड्यांपर्यंत पहिली तिमाही, सत्तावीस आठवड्यांपर्यंत दुसरी आणि त्यापुढे तिसरी. गोळ्यांनी होणारा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत सुरक्षित मानतात. गर्भातील व्यंग पाहण्याची मोठी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होते. हृदयाचे काही दोष तर त्यानंतरच स्पष्ट दिसतात. हे वेळापत्रक लक्षात ठेवा, पुढच्या साऱ्या वादाचे मूळ यातच आहे.

अमेरिकेतील चाचण्या

टप्प्यानुसार लोकमत सर्वांत जास्त काळ आणि सातत्याने मोजले गेले ते अमेरिकेत. गॅलप ही संस्था १९९६ पासून तिमाहीनुसार प्रश्न विचारत आली आहे. त्या वर्षी ६४ टक्के लोकांनी पहिल्या तिमाहीतील गर्भपात सर्वसाधारणपणे कायदेशीर असावा असे सांगितले. दुसऱ्या तिमाहीसाठी हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले आणि तिसऱ्या तिमाहीसाठी १३ टक्क्यांवर. २०१८ मध्ये हेच आकडे ६०, २८ आणि १३ होते. म्हणजे बावीस वर्षांत सरकारे आली-गेली, वाद पेटले, विझले, पण लोकांचे मत जवळजवळ तिथेच राहिले.

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात १९७३ चा 'रो' निकाल रद्द केला आणि गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. त्यानंतर हे मत हलले. २०२३ च्या चाचणीत पहिल्या तिमाहीसाठी ६९ टक्के, दुसऱ्यासाठी ३७ टक्के आणि तिसऱ्यासाठी २२ टक्के लोक कायदेशीर म्हणाले. हक्क हातात असताना लोक त्याला अटी घालत होते. तो काढून घेतल्यावर त्याची किंमत कळली. आरक्षणाच्या बाबतीतही आपण हे पाहिलेले आहे.

प्यू रिसर्च सेंटरने २०२२ मध्ये आठवडे सांगूनच प्रश्न विचारला. सहा आठवड्यांना ४४ टक्के लोक कायदेशीर म्हणाले आणि २१ टक्के बेकायदेशीर. चौदा आठवड्यांना हे प्रमाण ३४ आणि २७ झाले. चोवीस आठवड्यांना ते उलटले, २२ टक्के कायदेशीर आणि ४३ टक्के बेकायदेशीर. आणि प्रत्येक टप्प्यावर सुमारे पाचव्या हिश्शाइतक्या लोकांनी 'परिस्थितीवर अवलंबून' असे उत्तर दिले. हे लोक कुठल्याच मोर्चात दिसत नाहीत, टीव्हीवरच्या चर्चेत तर नाहीच नाही. पण माझ्या मते खरे लोकमत त्यांच्यापाशीच आहे.

परिस्थिती म्हणजे काय, तेही गॅलपने २०१८ मध्ये विचारले होते. बाईच्या जिवाला धोका असेल तर पहिल्या तिमाहीत ८३ टक्के आणि तिसऱ्या तिमाहीतही ७५ टक्के लोक गर्भपाताच्या बाजूने होते. बलात्कारातून राहिलेला गर्भ असेल तर ७७ आणि ५२ टक्के. बाईला मूल नको, दुसरे कारण नाही, असे असेल तर ४५ आणि २० टक्के. जिवाचा प्रश्न आला की आठवड्यांचा हिशेब जवळजवळ गळून पडतो, आणि बाईच्या इच्छेचा प्रश्न आला की पहिल्या दिवसापासूनच समाज घासाघीस करतो. या आकड्यांतून लोकांना गर्भाबद्दल काय वाटते ते जितके कळते, तितकेच बाईच्या इच्छेबद्दल काय वाटते तेही कळते.

उशिरा होणाऱ्या गर्भपातावर एवढी चर्चा होते, पण ते होतात किती? अमेरिकेच्या २०२० च्या सरकारी आकडेवारीनुसार सुमारे ९३ टक्के गर्भपात तेरा आठवड्यांपर्यंतच झाले. एकवीस आठवडे किंवा त्यानंतरचे एक टक्क्याहूनही कमी होते.

अमेरिकेतील बौद्धांचे मतही नोंदलेले आहे. प्यूच्या २०१४ च्या धर्मविषयक पाहणीत ८२ टक्के बौद्धांनी गर्भपात सर्व किंवा बहुतेक परिस्थितींत कायदेशीर असावा असे म्हटले होते. अर्थात तेथील बौद्धांत स्थलांतरित आशियाई लोक आहेत तसेच धम्म स्वीकारलेले गोरे अमेरिकनही आहेत. त्यामुळे हा आकडा साऱ्या जगातील बौद्धांचा म्हणून मिरवू नये.

बेळगावची मुलगी आणि आयर्लंड

आयर्लंडने १९८३ मध्ये राज्यघटनेत आठवी दुरुस्ती करून गर्भाच्या जिवाला बाईच्या जिवाइतकाच अधिकार दिला. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सविता हलप्पनवार ही ३१ वर्षांची दंतवैद्य गॉलवे येथील रुग्णालयात दाखल झाली. तिचे माहेर बेळगावचे. सतरा आठवड्यांचा गर्भ आपोआप पडण्याच्या मार्गावर होता, तो वाचणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत होते. तिने गर्भपाताची मागणी केली. गर्भाचे ठोके सुरू आहेत या कारणाने ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला तिचा मृत्यू झाला.

२५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ती आठवी दुरुस्ती काढून टाकण्याच्या बाजूने मत दिले. मतदानाआधीच सरकारने नव्या कायद्याचा आराखडा जाहीर केला होता. त्यात कारण न विचारता बारा आठवड्यांपर्यंत परवानगी होती आणि त्यापुढे फक्त आईच्या जिवाला वा आरोग्याला गंभीर धोका असेल, किंवा गर्भ जगण्याची शक्यता नसेल तरच. ही मर्यादा लोकांच्या मनातल्या रेषेच्या जवळपास ओढलेली होती. मात्र सविताचा गर्भ सतरा आठवड्यांचा होता, हे विसरू नये. ज्या मृत्यूने देश हलला तो बारा आठवड्यांच्या पलीकडचा होता.

भारतातील कायदा आणि आठवड्यांची रेषा

इंग्रजांनी १८६० मध्ये भारतीय दंड संहिता केली. तिच्या कलम ३१२ मध्ये गर्भपात करणाऱ्याला आणि स्वतः बाईलाही तीन वर्षांपर्यंत कैद होती. गर्भ पोटात हालू लागल्यानंतर केला तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे टप्प्यांची कल्पना त्या कायद्यातही होती, फक्त ती शिक्षेच्या मापात होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ८८ मध्ये हीच तरतूद जशीच्या तशी आहे. आपल्याकडे आजही गर्भपात हा मुळात गुन्हा आहे आणि १९७१ चा कायदा हा त्याला दिलेला अपवाद आहे. बाईचा हक्क अशी त्याची मांडणी नाही, डॉक्टरला दिलेले संरक्षण अशी आहे. हे अनेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते.

१९६४ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शहा होते, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. समितीचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला. त्यावरून वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, बारा ते वीस आठवड्यांना दोघांचे, वीसच्या पुढे फक्त जीव वाचवण्यासाठी, अशी ती रचना होती. गर्भनिरोधक साधन निकामी ठरले हे कारणही मान्य होते, पण 'विवाहित स्त्री'साठी.

वीस आठवड्यांची ही रेषा सोनोग्राफीच्या आधीच्या काळातली. तंत्र पुढे गेले, रेषा तिथेच राहिली. २००८ मध्ये मुंबईतील एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे वीस आठवड्यांनंतर कळले होते. न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या बाईचा गर्भ आपोआप पडला. वर्तमानपत्रांतून त्या वेळी जी चर्चा झाली तिच्यामुळे मध्यमवर्गीय घरांत पहिल्यांदाच हा प्रश्न जेवणाच्या ताटावर बोलला गेला. पुढे अशी कितीतरी प्रकरणे कोर्टात गेली, पण कायदा बदलायला २०२१ उजाडावे लागले.

आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांना दोन डॉक्टरांचे मत लागते आणि बाई नियमांत दिलेल्या गटांपैकी असावी लागते: लैंगिक अत्याचारातून गर्भ राहिलेली, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा वा घटस्फोटित झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली, गर्भात गंभीर व्यंग असलेली, किंवा आपत्ती आणि आणीबाणीच्या परिस्थितीत सापडलेली. गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने सांगितले तर चोवीस आठवड्यांची मर्यादाही उरत नाही. 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आले.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मुलींनाही वीस ते चोवीस आठवड्यांची सवलत आहे असा निर्णय दिला. नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कार मानावी, असेही त्या निकालात आहे. न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांचे ते पीठ होते. वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, दोन मुले असलेल्या एका विवाहितेचे प्रकरण आले. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते आणि दूध पाजत असल्याने पाळी नव्हती, त्यामुळे गर्भ राहिल्याचे फार उशिरा कळले. आधी परवानगी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि अखेर तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १६ ऑक्टोबरला परवानगी नाकारली. गर्भ सव्वीस आठवड्यांचा होता, निरोगी होता आणि आईच्या जिवाला तात्काळ धोका नव्हता. न्यायालयातच दुभंग पडला तिथे घराघरांत पडला नसता तरच नवल.

'स्त्रीभ्रूणहत्या' या शब्दाने झालेला घोळ

महाराष्ट्रात गर्भपाताविषयीचे लोकमत एका वेगळ्याच वाटेने घडले. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही २००१ च्या जनगणनेत राज्यात दर हजार मुलांमागे ९१३ असलेल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुली २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. २०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले तेव्हा सारे राज्य हादरले होते.

लिंगनिवडीविरुद्धची चळवळ खरी होती आणि तिची गरज आजही आहे. पण तिने निवडलेला 'हत्या' हा शब्द हळूहळू प्रत्येक गर्भपाताला चिकटला. मुलीचा गर्भ पाडणे ही हत्या असेल तर मुलाचा पाडणे काय? ज्याचे लिंग कुणी पाहिलेच नाही तो पाडणे काय? भिंतीवरच्या घोषणेत याचे उत्तर नव्हते. कायद्याने गुन्हा आहे तो लिंग तपासणे, सांगणे आणि निवडणे. कायद्याच्या अटींत बसणारा गर्भपात गुन्हा नाही. आजही कार्यक्रमांत विचारले तर अनेक सुशिक्षित मुले-मुली 'भारतात गर्भपाताला बंदी आहे' असे बिनधास्त सांगतात.

या घोळाचा सर्वांत मोठा फटका दुसऱ्या तिमाहीला बसतो. सोनोग्राफीत लिंग साधारण चौदाव्या आठवड्यानंतर दिसू लागते, त्यामुळे त्यानंतर आलेल्या प्रत्येक बाईकडे संशयाने पाहिले जाते. छाप्याच्या भीतीने काही डॉक्टर बारा आठवड्यांपुढची केस घेतच नाहीत. कायद्यात मर्यादा चोवीसपर्यंत गेली, पण गावातली मर्यादा बारावरच अडकली आहे.

पालि वाङ्मयात गर्भाचे टप्पे

आता आपल्या परंपरेकडे येऊ. संयुत्त निकायातील इंदक सुत्तात गर्भाच्या वाढीचे टप्पे दिले आहेत: कलल, अब्बुद, पेसि, घन आणि पसाखा. थेंबासारखा द्रव, मग बुडबुडा, मग मांसाचा लवचीक गोळा, मग घट्ट गोळा, मग हातपायांच्या फांद्या. त्यानंतर केस आणि नखे. एका यक्षाच्या प्रश्नाला दिलेले हे उत्तर आहे आणि त्यात आत्मा कधी शिरतो याची चर्चा नाही. शरीर क्रमाक्रमाने घडते, एवढेच सांगितले आहे.

मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात गर्भधारणेच्या तीन अटी येतात: मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाल आणि गंधब्बाची उपस्थिती. विनयपिटकात तिसऱ्या पाराजिकेत मनुष्यजीवाची व्याख्या मातेच्या उदरात पहिले चित्त उत्पन्न होते तिथपासून केली आहे. गर्भ पाडण्याचे औषध देणाऱ्या भिक्खूंची प्रकरणेही तिथे नोंदलेली आहेत. औषधाने गर्भ मेला आणि आई वाचली तर भिक्खू संघातून कायमचा बाहेर. गर्भ वाचला आणि आई मेली तर गुन्हा गंभीर, पण पाराजिका नाही, कारण तिला मारण्याचा हेतू नव्हता. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. पण विनय गुन्हा ठरवताना हेतूला किती वजन देतो, ते इथे स्पष्ट दिसते.

म्हणजे विनयाच्या शब्दांवर बोट ठेवले तर बौद्ध परंपरा पहिल्या क्षणापासून गर्भाला मनुष्य मानते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डेमियन किओन यांनी १९९५ च्या 'बुद्धिझम अँड बायोएथिक्स' या पुस्तकात हीच बाजू मांडली आहे. उलट विल्यम लाफ्लूर यांनी १९९२ च्या 'लिक्विड लाइफ' मध्ये जपानी बौद्धांनी प्रत्यक्ष जगताना काय केले ते दाखवले. तिथे गर्भ हे पाण्यासारखे, अजून न गोठलेले जीवन मानले गेले. गर्भपातानंतर 'मिझुको कुयो' हा विधी करून पालक त्या गर्भाची क्षमा मागतात आणि त्याला निरोप देतात. १९७० च्या दशकापासून हा विधी फार वाढला. शापाची भीती घालून काही मंदिरांनी त्यावर पैसा केला, त्याबद्दल जपानमध्येच टीकाही झाली. भिक्षुक कुठलाही असो, बाईच्या दुःखावर दक्षिणा लावायला त्याला वेळ लागत नाही.

दलाई लामांनी १९९३ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राच्या मुलाखतीत गर्भपात ही सर्वसाधारणपणे जीवहिंसाच आहे असे सांगितले, पण परिस्थिती पाहून अपवाद असू शकतात असेही त्याच दमात म्हटले. अमेरिकी चाचण्यांतील 'परिस्थितीवर अवलंबून' हे उत्तर इथेही भेटते.

बौद्ध देशांतील कायदे

श्रीलंकेत गर्भपाताला फक्त बाईचा जीव वाचवण्यासाठी परवानगी आहे. हा कडकपणा धम्मातून आला असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तेथील दंड संहिता इंग्रजांनी १८८३ मध्ये केली आणि तिच्यातही तीन वर्षे व गर्भ हालू लागल्यावर सात वर्षे, हेच माप आहे. आपल्या आणि त्यांच्या कायद्याचा कारखाना एकच.

थायलंडमध्ये नोव्हेंबर २०१० मध्ये बँकॉकच्या एका विहारात दडवून ठेवलेले दोन हजारांहून अधिक गर्भ सापडले. चोरून होणाऱ्या गर्भपातांचे ते अवशेष होते. देश सुन्न झाला, पण कायदा बदलायला आणखी दहा वर्षे लागली. २०२० मध्ये घटना न्यायालयाने जुने कलम घटनाबाह्य ठरवले, २०२१ मध्ये बारा आठवड्यांपर्यंत परवानगी मिळाली आणि २०२२ मध्ये समुपदेशनाच्या अटीवर ती वीस आठवड्यांपर्यंत वाढली. जपानमध्ये १९४८ पासूनच परवानगी आहे, आज बावीस आठवड्यांच्या आत. दक्षिण कोरियात एप्रिल २०१९ मध्ये घटना न्यायालयाने बंदी घटनाविरोधी ठरवली. एकच पंचशील म्हणणाऱ्या देशांनी इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी रेषा ओढल्या आहेत.

बाबासाहेब

गर्भपाताविषयी बाबासाहेबांचे अमुक मत होते असे सांगणाऱ्या पोस्ट समाजमाध्यमांवर फिरतात. त्या पसरवू नयेत. जे नोंदलेले आहे ते संततिनियमनाविषयी आहे, आणि ते पुरेसे मोठे आहे. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेले ते भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात वाचले. ठराव फेटाळला गेला. मूल कधी आणि किती व्हावे हा बाईच्या प्रकृतीचा आणि घरच्या दारिद्र्याचा प्रश्न आहे, ही भूमिका त्या काळी विधिमंडळात मांडणे सोपे नव्हते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेविषयीचा त्यांचा विचार आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी फरक केला असे ते मांडतात. नियम माणसाला बांधतो आणि तत्त्व त्याला विवेकाने वागायला मोकळीक देते, अहिंसा हे तत्त्व आहे, असे त्यांचे म्हणणे. पुनर्जन्माचीही त्यांनी शरीरातील भौतिक घटकांच्या आधारे वेगळी मांडणी केली, देहांतर करणारा आत्मा नाकारला. त्यामुळे नवयानी बौद्धाला 'गर्भात कोणाचा तरी आत्मा आला आहे' या आधारावर बोलता येत नाही. प्रश्न मग पुन्हा इच्छा आणि गरज यांच्यावर येतो. मुलगी आहे म्हणून पाडलेल्या गर्भामागे इच्छा असते. सतरा आठवड्यांना रक्तात विष पसरत असताना केलेल्या मागणीमागे गरज असते. मधल्या असंख्य प्रकरणांत काय असते ते त्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही.

उशिरा कोण येते

लोकमत दुसऱ्या तिमाहीत कठोर होते, कारण लोकांना वाटते की ती बाई इतके दिवस झोपली होती काय. प्रत्यक्षात उशीर होतो तो ठरावीक बायकांनाच. पाळी नुकती सुरू झालेली आणि जबरदस्ती झालेली मुलगी घाबरून बोलत नाही, पोट दिसल्यावर आईला कळते. ऊसतोडीला फडावर गेलेल्या बाईला चार महिने दवाखाना दिसत नाही. अविवाहित मुलीचा जोडीदार लग्नाचे वचन देऊन तिसऱ्या महिन्यात फोन बंद करतो, आणि ती दुसऱ्या जातीची असेल तर घरच्यांना सांगायची सोय नसते. कुणी मेडिकलमधून चुकीच्या प्रमाणात गोळ्या घेतलेल्या असतात आणि गर्भ पडलेलाच नसतो. पैसे असलेली, शहरातली, सोनोग्राफीची भीती नसलेली बाई सहा आठवड्यांतच मोकळी होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणजे 'पहिल्या तिमाहीत चालेल, पुढे नाही' हे ऐकायला मध्यममार्गी वाटणारे मत गरीब, अल्पवयीन आणि एकट्या पडलेल्या बायकांवरच जाऊन पडते.

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २०१५ या एका वर्षात भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज दिला. त्यांतील ७३ टक्के दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झालेले होते. म्हणजे कायदा काहीही म्हणो, बायकांनी आपली वाट काढलेली आहे. ती वाट बहुतेकदा सुरक्षित असते, पण आठवड्यांचा हिशेब चुकला की धोक्याची ठरते.

तुमच्याकडे कुणी आले तर एवढे लक्षात असू द्या. सर्वांत आधी शेवटच्या पाळीची तारीख विचारा आणि आठवडे मोजा. अठरा वर्षांवरील बाईला फक्त स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही मागितलेली नाही, काही दवाखाने ती मागतात तरी. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. मुलगी अल्पवयीन असल्यास पोक्सोखाली पोलिसांना कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे, मात्र मुलीने विनंती केल्यास तिचे नाव न सांगता कळवता येते, हे २०२२ च्या निकालात स्पष्ट झाले आहे. बाईचे नाव उघड करणे हा डॉक्टरांसाठीही गुन्हा आहे. वीस आठवडे उलटले असतील तर गावातल्या दवाखान्यात दिवस घालवू नका, थेट जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा. चोवीस उलटले असतील तर वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करा आणि त्याच दिवशी वकिलालाही फोन करा, कारण उच्च न्यायालयात जावे लागले तर त्यात आणखी आठवडा जातो.